किती लाल?

चार्जवाले काका शेअर रिक्षातून उतरतानासुद्धा चार्ज देऊन उतरत. बोईसर स्टेशनवरून सुटलेली रिक्षा आमच्या नाक्यावर थांबली की बाकीचे लोक पटकन उतरून आपापल्या वाटेला लागत. काका उतरत, आत शिरू पाहणाऱ्या अनोळखी माणसाला हाताने थांबवत आणि सांगत, "डावीकडची सीट खचलेली आहे, उजव्या कोपऱ्यात बसा. मागची दांडी धरू नका, हातात येते. ब्रेक जरा उशिरा लागतो, त्याची तयारी ठेवा." मग माणसाच्या डोळ्यांत बघून विचारत, "घेतला चार्ज?" तो बिचारा भांबावून "हो" म्हणे. त्याने हो म्हटल्याशिवाय काका रिक्षाला जाऊ देत नसत, आणि रिक्षावाल्यांनाही ते ठाऊक झालं होतं.

काका मूळचे अमळनेरकडचे. रसायनांच्या एका कंपनीत ते तीस वर्षं रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर होते. रिअ‍ॅक्टर म्हणजे दोन मजले उंच पातेलं, असं त्यांनीच मला पहिल्या दिवशी समजावलं होतं. त्या पातेल्यात चोवीस तास काहीतरी शिजत असतं, म्हणून त्याच्याजवळ चोवीस तास माणूस लागतो. पाळी संपली की पुढच्या माणसाला, म्हणजे रिलिव्हरला, सगळं सांगायचं आणि मगच जागा सोडायची. रिलिव्हर आला नाही तर घरी जायचं नाही. आणि ज्याचा चार्ज आपण घेतलेला नाही, त्या वस्तूला बोट लावायचं नाही. एवढे दोन नियम. काकांनी ते कंपनीच्या फाटकाबाहेर आणले आणि संसाराला लावले, इतकंच.

त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक दोनशेपानी वही टांगलेली असायची. तिचं नाव चार्ज बुक. काका पहिल्या पाळीला पहाटे निघायचे, तेव्हा काकू झोपलेल्या असायच्या. म्हणून काका लिहून जायचे : "५.५०. दूध तापवले. साय जाड आहे. मांजर खिडकीत बसले आहे, हेतू संशयास्पद. नजर ठेवणे." त्याखाली काकूंच्या अक्षरात असायचं, "६.४०. चार्ज घेतला. मी मांजराला पाहिले. मांजराने मला पाहिले. दूध गेले." मी समोरच्या खोलीत नवीन राहायला आले तेव्हा साखर मागायला म्हणून जायची आणि वही वाचत उभी राहायची. काकूंना ते कळत होतं. त्या साखर मुद्दाम शोधत बसायच्या.

या वहीचं मला हसू यायचं, पण एकदा माझी चांगलीच हजेरी घेतली गेली. मी शाळेत शिकवून परत येत होते. काकांच्या घरात कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि घरात कोणीच नव्हतं. काकू बाजारात, काका गच्चीवर टाकीत डोकावायला गेलेले. मी भल्या मनाने आत गेले आणि गॅस बंद केला. काका खाली आले. ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः समोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बंद केलंत ते बरोबर की चूक, हा प्रश्नच नाही. तुम्ही बंद केलंत हे मला माहीत नव्हतं, हा प्रश्न आहे." मग त्यांनी शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी वेगळ्याच रंगाची होती. "एका चांगल्या माणसाने चांगुलपणाने एक व्हॉल्व्ह बंद केला होता. मला सांगितलं नव्हतं." त्यानंतर त्यांच्या घरातल्या कशालाही मी हात लावला नाही. त्या दिवशी सगळ्यांनी अर्धकच्चे चणे खाल्ले, मीसुद्धा.

आमच्या घरमालकीण माई बेटेगावच्या. तळमजल्यावर राहायच्या. त्यांनी एकदा पाण्याची टाकी भरून वाहतेय म्हणून पंप बंद केला होता. बिल्डिंग त्यांची, पंप त्यांचा, वीजबिल त्यांचं. तरी काकांनी त्यांना पायऱ्यांवर बसवून पाऊण तास चार्ज म्हणजे काय ते सांगितलं. "माजा पंप, आन मलाच हात लावू देत नाय," असं माई मला हसत हसत सांगायच्या. पण त्यानंतर पाणी वाहायला लागलं की त्या आधी वर हाक मारायच्या, "चारज कोनाकडं हाय?" हळूहळू सगळ्या बिल्डिंगला ही सवय लागली.

तर अशा माणसाने गरम चीज डिप करायला घेतलं.

काकांची मुलगी स्नेहल मुंबईला हॉस्टेलवर राहून शिकत होती. तिने एके दिवशी कळवलं की शुक्रवारी ती पाच मैत्रिणींना घेऊन येतेय. दुपारी चिंचणीचा समुद्र बघायचा, चार वाजता घरी यायचं, संध्याकाळच्या गाडीने सगळ्यांनी परत. आणि खायला काय, तर तिने मोबाइलवर एक कृती पाठवली होती. भांड्यात चीज, मका, पालक, भाजलेला लसूण, सगळं एकत्र करायचं, ओव्हनमध्ये वरून लाल होईपर्यंत भाजायचं आणि गरम असतानाच पाव बुडवून खायचं. काकांनी ती कृती वहीत उतरवून घेतली आणि माझं दार वाजवलं. कारण बिल्डिंगमध्ये ओव्हन एकच होता, माझ्या लग्नात आलेला. मी त्यात पापड ठेवत होते.

"पापडांचा चार्ज कोणाकडे देऊ?" काकांनी विचारलं. मी डबा पुढे केला. काकांनी पापड मोजून त्यात ठेवले, ओव्हन उचलला आणि गेले.

शुक्रवारच्या आधी तीन चाचण्या झाल्या. कृतीतलं क्रीम चीज बोईसरच्या तीन दुकानांत विचारून झालं. तिसऱ्या दुकानदाराने काकांना चेहऱ्याला लावायचं क्रीम दाखवलं. मग काकूंनी घरच्या दह्याचा चक्का टांगला. त्यात चीजच्या वड्या किसल्या. पालक माईंच्या भावाच्या मळ्यातून आला. पहिल्या चाचणीत काकांनी ओव्हनचं बटण दर पाच मिनिटांनी केसभर पुढे सरकवलं. "एकदम उष्णता दिली की माल घाबरतो," ते म्हणाले. माल घाबरला नाही, पण पावणेदोन तासांनी जे बाहेर आलं त्याने रिक्षाची सीट नीट मढवता आली असती. काकूंनी ते विळीवर कापलं.

दुसऱ्या चाचणीला वास झकास सुटला होता. पण काका म्हणाले, नमुना घेतल्याशिवाय माल पास होत नाही. आणि नमुना तीन ठिकाणचा घ्यावा लागतो, वरचा, मधला आणि तळचा. तीन वाट्यांवर चिठ्ठ्या लावून त्यांनी त्या काकूंना, माईंना आणि मला दिल्या. काकू म्हणाल्या, "वरचं तेलकट आहे." मी म्हटलं, "मधलं छान आहे." माई म्हणाल्या, "माजं गार हाय." निकाल जुळेनात, म्हणून पुन्हा नमुने घेतले. मग वाट्यांची अदलाबदल करून पुन्हा घेतले. चौथ्या फेरीला काकांचा चमचा काचेच्या तळाला लागला. काका भांड्याकडे बघत बसले. काकू तोंडाला पदर लावून आत पळाल्या आणि माई हसता हसता जमिनीवर बसल्या. त्या दिवशीची नोंद मी स्वतः वाचली आहे : "माल तपासणीत संपला."

तिसरी चाचणी मात्र जमली. चक्क्यात थोडा मैदा आणि दूध शिजवून घातलं होतं, त्यामुळे काही फुटलं नाही. वर सोनेरी साय, आत लुसलुशीत. "वरनं साय, आतनं पिठलं," माई म्हणाल्या, "पन झ्याक हाय." काकांनी डोळे मिटून एक घास खाल्ला. मग ओव्हनच्या बटणाशेजारी काकूंच्या नेलपॉलिशने खूण केली. ओव्हनला गजर होता, पण काका तो लावत नसत. "घड्याळाला नाक नसतं," ते म्हणायचे.

त्या चाचणीनंतर भांडी आवरताना मी सहज म्हटलं, "काका, पाच पोरी येणार, त्यांना वडापाव दिला तरी खूश होतील. एवढं कशाला?" काका नळाखाली हात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, स्नेहल सातवीत असताना तिचा वाढदिवस होता. मी म्हटलं, वर्गातल्या मुलींना बोलव. ती आईला म्हणाली, नको, बाबांच्या कपड्यांना वास येतो. मी पडद्यामागे होतो." पाणी चालूच होतं. "खोटं नव्हतं ते. वास येतोच. पण त्यानंतर आमच्या घरात तिची एक मैत्रीण आली नाही. शाळेतली नाही, कॉलेजातली नाही. आता आठ वर्षांनी ती स्वतःहून म्हणतेय." मी म्हटलं, "छान होईल सगळं." काकांनी नळ बंद केला.

शुक्रवारी काकांची पहिली पाळी होती. पहाटे त्यांनी सगळं मिश्रण काचेच्या भांड्यात थापून फ्रीजमध्ये ठेवलं. वहीत वेळापत्रक लिहिलं : तीन दहाला घरी, अंघोळ, तीन वीसला ओव्हन चालू, तीन पन्नासला वर सोनेरी, चारला मुली. तीन वाजता मी पाव कापायला त्यांच्या घरी गेले. माई नवी साडी नेसून आधीच येऊन बसल्या होत्या. तीन पाचला काकूंचा फोन वाजला. काका कंपनीतल्या फोनवरून बोलत होते.

"रिलिव्हर आलेला नाही. दुसरा माणूस पालघरहून निघालाय. तो येईपर्यंत मी हलू शकत नाही. तू तीन वीसला ओव्हन चालू कर. एवढाच चार्ज तुझा. बंद मी करीन."

काकूंनी ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. तीन वीसला ओव्हन चालू केला. तीन पन्नासला साय सोनेरी झाली, अगदी वेळापत्रकाबरहुकूम. आम्ही तिघी काचेतून बघत होतो. काका आले नव्हते.

"काकू, बंद करायचं ना?" मी विचारलं.

"माझा चार्ज चालू करण्यापुरता," काकू म्हणाल्या. "बंद ते करणार आहेत."

"माई, तुम्ही?"

"पंपाचं इसरले नाय मी."

आणि मी? मी शिकलेली बाई. आग लागली तर काय करायचं ते वर्गात चित्र काढून शिकवते. पण माझा हात पुढे होईना. मला ती बाही वर केलेली दिसत होती. तिघी मोठ्या बायका, आणि आमच्यातल्या एकीचीही ते बटण फिरवायची छाती झाली नाही.

काकांचा मोबाइल कंपनीच्या लॉकरमध्ये असतो, म्हणून काकूंनी फाटकावरच्या वॉचमनला फोन लावला. "त्यांना सांगा, चीज लाल झालंय." वॉचमनने ते दोनदा म्हणून घेतलं. सात मिनिटं गेली. साय सोनेरीची तांबूस झाली. फोन आला. वॉचमन गंभीरपणे म्हणाला, "भाभीजी, वो पूछ रहे हैं, कितना लाल?"

काकूंनी आमच्याकडे पाहिलं. "किती लाल?"

"सांग, गेरूसारका," माई म्हणाल्या.

"गेरू म्हणजे त्याला काय कळणार? विटेसारखं सांगा," मी म्हटलं.

"ईंट जैसा," काकूंनी फोनमध्ये सांगितलं. वॉचमन गेला. तो परत येईपर्यंत विटेचा कोळसा होत चालला होता. कडेने बुडबुडे येत होते, ओव्हनच्या फटीतून धूर निघत होता. वॉचमनचा फोन आला. "बोल रहे हैं, ऊपर, बीच में और नीचे का सँपल ले लो." माईंना हसू फुटलं, मला फुटलं, आणि काकू रडत होत्या की हसत होत्या ते मला अजून सांगता येणार नाही. त्या म्हणत होत्या, "पोरीची पहिलीच वेळ हो, पहिलीच वेळ."

त्याच क्षणी दारात स्नेहल. तिच्या मागे पाच मुली, पायांना चिंचणीची वाळू. समोर तीन बायका हाताची घडी घालून धुराच्या ओव्हनसमोर उभ्या. स्नेहल आमच्याकडे बघत नव्हती. ती सरळ आत आली, ओव्हन बंद केला, फडक्याने भांडं बाहेर काढलं आणि मग आम्हाला विचारलं, "चार्ज बाबांकडे होता ना?"

"हो," आम्ही तिघी एकदम म्हणालो.

तिने खिळ्यावरून वही काढली, पेन उघडलं आणि लिहिलं : "४.२०. चार्ज न घेता ओव्हन बंद केला. स्नेहल."

भांड्यावर काळं कुळकुळीत झाकण बसलं होतं. एका उंच मुलीने ते पळीच्या दांड्याने फोडलं. आतून वाफ आली आणि तिच्याबरोबर पिवळंधमक, लसणाचा वास मारणारं डिप. मग काय विचारता. पाव संपले, टोस्ट संपले, काकूंच्या डब्यातली खारी संपली. काळ्या झाकणाचे तुकडेसुद्धा कुरकुरीत लागतात म्हणून त्यांची पळवापळवी झाली. तेवढ्यात एकीच्या हाताला चार्ज बुक लागलं. ती मोठ्याने वाचायला लागली. मांजर, संशयास्पद हेतू, तपासणीत संपलेला माल. मुली लोळून लोळून हसत होत्या. मला मात्र धाकधूक वाटली. मी स्नेहलकडे बघत होते. तीही हसत होती, पण वाचणाऱ्या मुलीला मध्येच थांबवून सांगत होती, "थांब, त्याच्या पुढचं आईचं वाच. आई जास्त भारी लिहिते."

साडेपाचला मी आणखी पाव आणायला बाहेर पडले तर काका जिन्यात उभे. निळा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी. दाराबाहेर पसरलेल्या सहा चपलांच्या जोडांकडे ते बघत होते. मला बघून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे अंघोळ केली तर चालेल? कपड्यांना वास आहे." मी किल्ली काढली. माझा हात पुढे होता, काकांचा हात पुढे होता, आणि स्नेहल बाहेर आली.

"बाबा, इथे काय करताय?"

"आलोच. पाच मिनिटं. अंघोळ करून येतो. कंपनीतून थेट आलोय."

स्नेहलने त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. "तसेच या," ती म्हणाली. "सगळ्या तुमचीच वाट बघतायत."

काका हलले नाहीत. तेव्हा तिने त्यांच्या गणवेशाची बाही धरली, तीच बाही, आणि त्यांना आत नेलं. मी किल्ली घेऊन जिन्यातच उभी राहिले. आत गेल्यावर काकांनी पहिल्यांदा भांड्यात डोकावून पाहिलं. भांडं चाटूनपुसून लख्ख झालेलं. कोणीतरी विचारलं, "काका, रिअ‍ॅक्टर म्हणजे काय?" मग काका तासभर बोलत होते. दोन मजली पातेल्यापासून सुरुवात झाली ती मला बाहेरून ऐकू आली.

काका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन गावी गेले. जाताना त्यांनी नव्या भाडेकरूला खोलीचा चार्ज दिला, त्याला चार तास लागले. खिडकीच्या कडीपासून मांजराच्या येण्याच्या वेळेपर्यंत सगळं सांगितलं. तो माणूस मध्ये एकदा पळून जायच्या बेतात होता, माईंनी दार अडवलं. काका मला फोन करतात, विहीर, कपाशी, काकूंचे गुडघे असं सगळं सांगतात. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती आली की मला तो शुक्रवारच दिसतो. तोही संध्याकाळचा.

मुली सातच्या गाडीने गेल्या. स्नेहलही त्यांच्याबरोबर बॅग घेऊन गेली, कारण तिचंही तिकीट होतं. काका स्टेशनवर गेले नाहीत. ते गणवेशातच मोरीत बसून भांड्याच्या कडेचा कोळसा घासत होते. काकू पावाचा चुरा उचलत होत्या, मी ओव्हन पुसत होते. साडेसातला दार वाजलं. दारात स्नेहल उभी, बॅग हातात.

"काय विसरलीस?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. त्यांना गाडीत बसवून दिलं. मी राहते दोन दिवस."

मोरीतला घासण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात. भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं, ते मला दिसत होतं. काका आमच्याकडे पाठ करून ते घासतच राहिले, आणि बऱ्याच वेळाने, तोंड न वळवता म्हणाले, "जेवायला काय करू तुला?"